आगारातील अलिखित ज्ञान

पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकाच्या आवारात २५ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे एका तरुण प्रवासी स्त्रीवर, उभ्या असलेल्या ‘शिवशाही’ गाडीत, अत्याचार झाल्याची तक्रार नोंदविली गेली आणि साऱ्या महाराष्ट्रास धक्का बसला. आरोपीस काही दिवसांत अटक झाली. पुढील निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. या घटनेनंतर शासनाने जे उपाय जाहीर केले त्यांत अधिक कॅमेरे, गाड्यांचे ठिकाण दाखविणारी यंत्रणा, स्त्री सुरक्षारक्षकांची नेमणूक आणि आवारात पडून असलेल्या निकामी गाड्या भंगारात काढणे यांचा समावेश होता. उपाय वावगे नव्हेत. परंतु त्या पहाटेही स्वारगेटला कॅमेरे होते. संशयित कोण हे ओळखण्यास ते उपयोगी पडले. घटना टाळण्यास मात्र ते असमर्थ ठरले. ज्या आगारात यंत्र असूनही जे कळावयास हवे ते योग्य वेळी कळत नाही, तेथे आणखी यंत्रे बसवून काय साधणार, हा प्रश्न त्या वेळच्या गदारोळात मागे पडला. तो आता शांतपणे विचारला पाहिजे.

घटनेनंतर वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणी वाहिन्यांनी त्या आवारातील निकामी गाड्यांची छायाचित्रे दाखविली. कोणी तेथे रात्री राहून जात असल्याच्या खुणा त्यांत स्पष्ट दिसत होत्या. पांघरुणे होती, दारूच्या बाटल्या होत्या, आणि याहून किळसवाण्या वस्तूही होत्या. हे सर्व एका रात्रीत साचलेले नव्हते. ज्यांनी त्या गाड्यांच्या शेजारून रोज ये-जा केली, ज्यांनी आवार झाडले, ज्यांनी रात्रपाळी केली, त्यांच्यापैकी कोणाच्याच दृष्टीस ते पडले नसेल हे संभवत नाही. कोणी ते बोलून दाखविले असेल, कोणी कदाचित लिहूनही दिले असेल. पण ज्याच्या हाती काही करणे होते त्याच्या टेबलावर ती माहिती ‘धोका’ म्हणून पोचली नाही, किंवा पोचूनही तिची दखल घेतली गेली नाही, हे परिणामावरूनच उघड आहे. माहितीचा अभाव हे येथील दुखणे नव्हते. माहिती होती; तिला वर जाण्याची वाट नव्हती.

अशा वाटा बांधण्याच्या शास्त्राला अलीकडे ‘ज्ञानव्यवस्थापन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. जपानी अभ्यासक इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापासून या विषयाचा बोलबाला वाढला. त्यापूर्वी जवळजवळ तीन दशके मायकेल पोलान्यी या विचारवंताने अव्यक्त ज्ञानाची, म्हणजे हातात मुरलेल्या परंतु शब्दांत न उतरलेल्या ज्ञानाची, कल्पना मांडली होती. या कल्पनांच्या मागोमाग संगणक कंपन्या आल्या आणि त्यांनी संस्थेची सारी स्मृती साठविणाऱ्या प्रणाली विकावयास काढल्या. अनेक कार्यालयांनी त्या विकतही घेतल्या. पुढे त्यांतील कितीतरी रिकाम्या कपाटांसारख्या पडून राहिल्या, ही जगभरची हकीकत आहे. कपाट विकत मिळते. त्यात काय ठेवावयाचे, आणि ठेवणाऱ्याला ते ठेवावेसे का वाटावे, हे विकत मिळत नाही.

एखाद्या एसटी आगाराला काय ठाऊक असते याची मोजदाद केली तर थक्क व्हावे लागेल. अमुक क्रमांकाची गाडी चढाला दम टाकते, म्हणून ती खंबाटकीच्या घाटातून साताऱ्यास पाठवू नये, सपाटीवरच्या फेरीस द्यावी. पावसाळ्यात भोर-महाड रस्त्यावर वरंधा घाटात कोठे दरड येते. बाजाराच्या दिवशी कोणत्या थांब्यावर पाटीवाल्या बायका असतात आणि त्यांना सोडून गाडी पुढे नेली तर फेरी रिकामी जाते. परीक्षेच्या दिवसांत कोणती पहिली गाडी रद्द केली तर विद्यार्थ्यांचा पेपर बुडतो. रद्दच करावयाची वेळ आली तर कोणती फेरी रद्द केल्याने कमीत कमी लोकांचा खोळंबा होईल. यातील बहुतेक गोष्टी वाहतूक नियंत्रकाच्या डोक्यात असतात, चालकाच्या पायांत व मनगटात असतात, वाहकाच्या नजरेत असतात, आणि कार्यशाळेतील जुन्या मिस्त्रीच्या कानात असतात. यंत्राचा आवाज ऐकून दोष सांगणारा मिस्त्री ज्या दिवशी सेवानिवृत्त होतो त्या दिवशी त्याला नारळ, शाल आणि भाषणे मिळतात. त्याचा कान मात्र तो घरी घेऊन जातो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. तेव्हापासूनच्या पाऊणशे वर्षांत अशा किती पिढ्यांचे शहाणपण घरोघरी गेले असेल याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात नाही.

मग यंत्रे आल्यावर हे ज्ञान त्यांत का उतरले नाही? यंत्रे कोणत्या हेतूने आली आणि ती हाताळणाऱ्यांना तो हेतू काय वाटला, हे पाहिल्याशिवाय याचे उत्तर मिळावयाचे नाही. २०१० च्या आसपासपर्यंत एसटीचा वाहक तिकिटांचा ट्रे आणि पंच घेऊन काम करीत असे. त्यानंतर हळूहळू तिकिटे छापणारे छोटे यंत्र त्याच्या गळ्यात आले. या यंत्रात वस्तुतः सोन्याची खाण आहे. कोणत्या टप्प्यावर किती प्रवासी चढले, कोठवर गेले, कोणत्या वेळी गाडी भरली आणि कोणत्या वेळी रिकामी धावली, हे सारे त्यात नोंदले जाते. परंतु वाहकाच्या लेखी ते यंत्र म्हणजे प्रथम मार्गतपासणी पथकाचा साक्षीदार. तिकीट आणि रोकड यांचा मेळ बसला नाही तर अपहाराचा ठपका, निलंबन, खातेनिहाय चौकशी ही साखळी प्रत्येक वाहकाला ठाऊक असते. जे यंत्र आपल्याविरुद्ध साक्ष देते, त्याला कोणी मनातले सांगत नाही.

येथे प्रशासनावर अन्याय करण्याचे कारण नाही. तिकिटांच्या पैशांत अपहार होत असत, आणि सार्वजनिक पैशाचे रक्षण करणे हे महामंडळाचे कर्तव्यच होते. एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेल्याचे २०२५ सालच्या श्वेतपत्रिकेतूनच जनतेपुढे आले आहे. अशा संस्थेने पै-पैचा हिशेब ठेवू नये असे कोणी म्हणणार नाही. कामगारांच्या बाजूचेही सगळेच निर्मळ असते असे नव्हे. माहिती स्वतःपुरती ठेवण्यात एक सत्ता असते. कोणती कामगिरी सोपी आणि कोणती अवघड, कोणाला मुक्कामी गाडी टाळता येते, हे ज्याला ठाऊक तो आगारात मोठा. आणि ते सर्वांना दिसेल अशा फळ्यावर लिहिणे त्याला परवडत नाही. परंतु चोरी पकडणे आणि शहाणपण साठविणे ही दोन भिन्न कामे आहेत. एकाच यंत्रावर, एकाच आवाजात, एकाच वरिष्ठाच्या सहीने ती दोन्ही करू पाहिली की पहिले थोडेफार साधते आणि दुसरे समूळ मरते.

कारकुनी पेशातील कोणालाही हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ‘लिहिले की अंगाशी येते’ हा आपल्याकडील कार्यालयांचा पहिला पाठ, आणि तो नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात टेबलाशेजारचा ज्येष्ठ सहकारी प्रेमाने शिकवितो. गाडीतील दोष वहीत लिहिला तर ‘मग गाडी मार्गावर नेली का?’ असा मेमो येण्याची भीती; न लिहिता मिस्त्रीला तोंडी सांगितले तर काम होते आणि कागदही कोरा राहतो. शाळांतील गोष्ट निराळी नाही. राज्यात २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीवर विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचे काम शिक्षकांकडे आले. एखाद्या मुलाची हजेरी ऊसतोडणीच्या हंगामात का घटते हे त्याच्या शिक्षकाला नेमके ठाऊक असते, परंतु रकाना आकडा मागतो, कारण मागत नाही. आणि आकडाही जो भरल्याने वरून विचारणा होणार नाही असाच भरण्याचा मोह होतो. अशा रीतीने संगणकात माहितीचे ढीग साचतात आणि ज्ञान वर्गाबाहेरच्या ओट्यावर राहते.

हे केवळ आपल्याच मातीचे दुर्गुण आहेत असे समजून हळहळण्याचेही कारण नाही. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचे एक विमान डोंगरावर आदळून ९२ माणसे दगावली. उतरण्याच्या सूचनेचा अर्थ लावण्यात वैमानिकांचा गोंधळ झाला होता. चौकशीत निघाले ते असे, की याच गोंधळातून साधारण सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच डोंगरावरून थोडक्यात बचावले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला ते कळविले, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. पण इतर कंपन्यांपर्यंत ते पोचविण्याचा मार्गच नव्हता. त्यानंतर तेथील विमान-नियंत्रक खात्याने चुका कळविण्यासाठी एक योजना काढली. लवकरच ध्यानात आले, की शिक्षा करण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याच खात्याकडे आपली चूक लिहून देण्यास कोणी धजत नाही. म्हणून १९७६ साली ते काम ‘नासा’ या तिऱ्हाईत संस्थेकडे सोपविण्यात आले. कळविणाऱ्याचे नाव काढून टाकले जाते; चूक हेतुपुरस्सर नसेल, गुन्हेगारी स्वरूपाची नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळविली असेल, तर दंडातून सवलत मिळते. तेव्हापासून या योजनेकडे लाखो अहवाल आले आहेत. तंत्र म्हणावे तर त्यात काय होते? प्रारंभी एक छापील अर्ज आणि एक टपालपेटी. बदलला तो अर्ज वाचणारा माणूस.

झेरॉक्स कंपनीचे उदाहरण याहून घरगुती आहे. तेथील दुरुस्ती कारागिरांबरोबर हिंडून ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, हे कारागीर आपली खरी विद्या कंपनीच्या जाडजूड पुस्तकांतून नव्हे तर न्याहारीच्या टेबलावरील गप्पांतून मिळवितात. पुढे कंपनीने त्या गप्पांनाच संगणकावर जागा दिली. कारागिराने सुचविलेली युक्ती त्याच्याच बरोबरीचे कारागीर तपासत, आणि ती मान्य झाली की सुचविणाऱ्याच्या नावानिशी सर्वांना उपलब्ध होई. बक्षिसाच्या रकमेपेक्षा हे नाव त्यांना मोलाचे वाटले. स्वारगेटच्या आवारालगत चहाच्या टपऱ्यांवर अशी विद्यापीठे रोज भरतात. त्यांना उपस्थितिपत्रक नाही आणि पदवीही नाही.

सल्ला देणे सोपे आहे. विश्वास हा मात्र परिपत्रकाने निर्माण होत नाही, आणि एसटीत तो किती ठिसूळ झाला होता हे अलीकडच्या इतिहासाने दाखविले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत, राज्य शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी, सुमारे नव्वद हजार कर्मचाऱ्यांच्या या संस्थेतील फार मोठा वर्ग संपावर होता. वेतनातील तुटपुंजेपणा, पगार वेळेवर न मिळणे, आत्महत्या, मग निलंबने आणि बडतर्फ्या, अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशाने कामावर परत येणे, असा तो कडू कालखंड. त्या संपाच्या मागण्यांच्या युक्तायुक्ततेबद्दल मतभेद असू शकतात. पण ज्या माणसाला काल बडतर्फीचे पत्र मिळाले होते त्याच्या हाती आज नवे यंत्र देऊन ‘तुझा अनुभव यात भर’ असे सांगितले, तर तो ते किती मनापासून करील?

याच आगाराने आणखी एक जखम पाहिलेली आहे. २५ जानेवारी २०१२ रोजी एका चालकाने आगारातील बस बाहेर काढली, शहराच्या रस्त्यांवर बेफाम चालविली आणि नऊ जणांचे बळी घेतले. त्याचा गुन्हा सिद्ध झाला. वेडसरपणाचा बचाव न्यायालयांनी स्वीकारला नाही. फाशीची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली जन्मठेपेत बदलली. त्या कृत्याचे समर्थन कोणत्याही मार्गाने होऊ शकत नाही. तथापि रात्रीची कामगिरी बदलून मिळावी ही त्याची विनंती त्यापूर्वी नाकारली गेली होती, ही गोष्ट न्यायालयीन कामकाजात आली आहे. कामगिरीच्या तक्त्यात नाव, क्रमांक आणि फेरी मावते. माणूस कसा आहे हे त्यात मावत नाही, आणि उद्या तोच तक्ता संगणकाने काढला तरी मावणार नाही. ते ज्याच्या ध्यानात येऊ शकते तो शेजारचा सहकारी. त्याने ते कोणाला सांगावे, आणि सांगितल्यावर त्या दोघांचेही नुकसान होणार नाही याची हमी कोणी द्यावी, हा प्रश्न २०१२ सालीही सुटला नव्हता.

निराशेचेच चित्र काढावयाचे तर तेही खरे होणार नाही, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत एसटीतच एक उलटे उदाहरण घडले आहे. नव्या पद्धतीच्या तिकीट यंत्रांवर भ्रमणध्वनीवरून, म्हणजे यूपीआयने, पैसे देण्याची सोय झाली, आणि एरवी नव्या यंत्राकडे संशयाने पाहणाऱ्या वाहकांनी तिचा स्वीकार केला. यामागील रहस्य साधे आहे. सुट्ट्या पैशांवरून होणारे भांडण हा वाहकाच्या जिवाचा जुना ताप. जानेवारी २०२५ मधील भाडेवाढीनंतर तर तो अधिकच वाढला होता. हे तंत्र त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी आलेले नव्हते. ते त्याच्या डोक्यावरचा भार उतरविण्यासाठी आले, आणि पहिल्याच फेरीत त्याला त्याचा प्रत्यय आला. त्याच्यासाठी निराळे प्रशिक्षण वर्ग आणि प्रबोधनपर पत्रके फारशी लागली नाहीत. कर्मचारी बदलास विरोध करतात हे वाक्य अधिकारीवर्गात इतके रुळले आहे, की ते खरे आहे की नाही हे तपासण्याची तसदी आता कोणी घेत नाही.

स्वारगेट परिसर आज झपाट्याने बदलतो आहे. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस भुयारी मेट्रो येथवर पोचली. शेजारीच मुख्यालय असलेल्या पीएमपीएमएलने ऑगस्ट २०२४ मध्ये आपले भ्रमणध्वनी अॅप काढले, आणि आता बस कोठे आहे हे प्रवाशाला हातातल्या हातात दिसू शकते. तरीही चौकशीच्या खिडकीपुढील रांग संपलेली नाही. ‘कोल्हापूर कोठे लागते?’ हा प्रश्न अजून माणसालाच विचारला जातो, कारण गाडी आज नेहमीच्या फलाटावर लागणार की नाही हे त्या माणसालाच ठाऊक असते. त्यातच दोन्ही संस्थांत कंत्राटदारांच्या गाड्या आणि त्यांचे चालक वाढत चालले आहेत. या चालकांचा अनुभव कोणाचा? ते ज्या रस्त्यावर शिकतात तो एसटीचा किंवा पीएमपीएमएलचा, प्रवासी तिचे, नाव तिचे. पण चालकाचा मालक तिसराच. कंत्राट संपले की चालक जातो आणि त्याच्याबरोबर घाटातील वळणांचे ज्ञानही जाते. कंत्राटाच्या मसुद्यात किलोमीटरचा दर आणि दंडाची रक्कम बारकाईने लिहिलेली असते. चालकाने पाहिलेला धोका कोणाला आणि कसा कळवावयाचा याचे कलमही तितक्याच बारकाईने लिहिता येण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, शिक्षेची भीती काढून घेतली तर शिस्त उरणार नाही. हा आक्षेप हलका नाही. परंतु विमानवाहतुकीच्या योजनेत गुन्ह्याला माफी नाही; अनवधानाने झालेली आणि स्वतःहून सांगितलेली चूकच तेवढी सवलतीस पात्र आहे. अपहाराची चौकशी जशी चालते तशी चालू द्यावी. मात्र धोक्याची, दोषाची, अडचणीची नोंद जेथे होईल ती जागा शिस्तभंगाच्या शाखेपासून वेगळी असावी. तेथील नोंद चौकशीत पुरावा म्हणून वापरली जाणार नाही असे लेखी आश्वासन असावे. ती मराठीत, आपल्या शब्दांत, बोलूनही करता यावी. आणि आठवड्याच्या आत तिचे उत्तर त्याच आगारातील फळ्यावर लागावे, मग ते उत्तर नकाराचे असले तरी चालेल. कार्यशाळेतील निवृत्तीच्या वाटेवरील मिस्त्र्यांना शेवटचे सहा महिने दोन तरुण हाताखाली देऊन केवळ शिकविण्याचे काम द्यावे. त्यांच्या युक्त्या कोणी उतरवून घेतल्या तर त्यांवर त्यांचे नाव असावे. यासाठी लागणारा खर्च एका नव्या बसच्या किमतीपुढे नगण्य आहे.

हे स्वारगेटपुरते करून पाहण्यास कोणाची विशेष परवानगी लागेल असेही नाही. एक आगार, एक पावसाळा, एवढी मुदत पुरेशी आहे. अशा व्यवस्थेत एखादा वाहक एके दिवशी ‘अमुक कोपऱ्यात रात्री दिवा नसतो आणि तेथे परके लोक बसतात’ अशी नोंद करील. त्यानंतर त्या कोपऱ्यात दिवा लागतो की वाहकाला बोलावणे येते, हे चालक, वाहक, मिस्त्री आणि झाडूवाले सगळेच पाहत असतील, आणि दुसरी नोंद होणार की नाही हे ते त्यावरून ठरवतील.